चावणाऱ्या कुत्र्याची समाधि

मालवणहून दक्षिणेस निघालें म्हणजे तारकर्लीच्या पुढें जमीन हळूहळू अरुंद होत जाते. उजव्या हातास अरबी समुद्र, डाव्या हातास कर्ली नदी, आणि मध्यें माडांनीं व सुरूंनीं धरून ठेवलेली वाळूची एक लांबट पट्टी. या पट्टीच्या अखेरीस, जेथें नदी समुद्रास मिळते, तेथें देवबाग हें आमचें गांव आहे. पुढल्या दारीं समुद्राची गाज ऐकावी आणि मागल्या दारीं जाऊन नदींतली होडी पाहावी, इतकें येथलें अंतर थोडें. पावसाळ्यांत समुद्र किनाऱ्याची वाळू कापून नेतो, म्हणून येथें एखादें जनावर पुरावयाचें झालें तरी जागा विचार करून निवडावी लागते.

गेल्या वर्षीं पावसाच्या तोंडावर आम्हीं आमचा मोत्या नदीच्या बाजूस, परसांतल्या माडाखालीं पुरला. तो म्हातारपणानें मेला नव्हता, कीं वाहनाखालीं सांपडला नव्हता. आम्हींच त्यास मारविला होता. हें वाक्य उच्चारावयास मला अद्यापि जड जातें. आणि आजच्या भाषणाचा विषय खरोखर या वाक्याचा जडपणा हाच आहे.

मोत्या आमच्याकडे आला तेव्हां दोन तळहातांवर मावेल एवढा होता. पहांटे रापण ओढली जाऊं लागली कीं तो दोराच्या कडेनें धांवे. जाळें किनाऱ्यास लागलें म्हणजे बांगड्यांच्या ढिगाभोंवतीं फिरे, पण आपण होऊन तोंड लावीत नसे. माझी आई अंथरुणास खिळली त्या तीन महिन्यांत तो रोज रात्रीं तिच्या खोलीच्या उंबऱ्यावर झोपला. असा हा कुत्रा सातव्या वर्षीं बदलला. प्रथम नुसतें गुरगुरणें. मग नारळ पाडावयास आलेल्या गड्याच्या पोटरीचा चावा. गड्यास लस टोंचविली आणि मोत्यास दहा दिवस बांधून त्याच्यावर नजर ठेवली. पिसाळलेलें कुत्रें सहसा इतक्या दिवसांत मरतें. मोत्या नीट खातपीत राहिला. गुरांच्या डॉक्टरांनीं दांत, कान, सांधे सर्व तपासलें, औषध दिलें. परंतु कारण हातीं लागलें नाहीं. त्यानंतर त्यानें माझ्या पुतण्यास धरलें. आणि शेवटीं, घरीं उतरलेल्या पाहुण्यांच्या चार वर्षांच्या मुलीवर, साखळी तोडून, तो धांवून गेला. तिच्या दंडास टांके घालावे लागले. त्या रात्रीं आमच्या घरांत कोणी जेवलें नाहीं.

पुढें जें घडलें त्याचें वर्णन मी लांबवीत नाहीं. मोत्या गेला, आणि नंतर मला दोन प्रकारचे लोक भेटूं लागले. एक म्हणत, "कुत्राच तो, त्यासाठीं एवढें काय?" दुसरे म्हणत, "पोटच्या पोराप्रमाणें वाढविलेल्या मुक्या जनावरास मारवलें तरी कसें?" पहिल्यांना माझें दुःख समजत नव्हतें व दुसऱ्यांना त्या मुलीचा दंड दिसत नव्हता. शेजारच्या काकी तेवढ्या पडवींत येऊन बसल्या आणि आमच्या मालवणींत म्हणाल्या, "रडाक येता तर रड रे झिला. कुत्रो होतो म्हणान काय झाला?" माझा सारा जन्म शाळेंत इतिहास शिकविण्यांत गेलेला. मनाचें समाधान होईना, तेव्हां संवयीप्रमाणें मी इतिहासाकडे वळलों. आपल्या लोकांनीं प्रिय कुत्र्याचा शोक कसा केला, आणि चावणाऱ्या कुत्र्याचें काय केलें, हें पाहूं लागलों.

आपल्या महाभारताच्या दोन्ही टोंकांस कुत्रा उभा आहे, ही गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं. अखेरच्या भागांत धर्मराज स्वर्गाच्या दारीं पोंचतो आणि मागून आलेल्या कुत्र्यास टाकून आंत जाण्याचें नाकारतो, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु आदिपर्वाच्या आरंभींच दुसरी एक कथा आहे. जनमेजयाच्या यज्ञसत्रांत एक कुत्र्याचें पोर शिरलें. त्यानें हविर्द्रव्यास तोंड लावलें नव्हतें, त्याकडे पाहिलेंहि नव्हतें. तरी राजाच्या भावांनीं त्यास मारलें. तें रडत आईकडे गेलें. त्याची आई सरमा, देवांची कुत्री, यज्ञमंडपांत येऊन उभी राहिली आणि तिनें विचारलें कीं, माझ्या मुलाचा अपराध काय? कोणी उत्तर देईना. तेव्हां तिनें शाप दिला कीं, तुम्हांवर न दिसणारें भय येईल. मोत्या गेल्यावर कित्येक रात्रीं मला धर्मराजापेक्षां ही सरमाच अधिक आठवली. तिच्या पोराचा अपराध नव्हता म्हणून शाप देणें तिला सोपें गेलें. ज्याच्या हातून इजा झाली, पण अपराध म्हणजे काय हें ज्यास कळतच नाहीं, त्याच्या आईनें काय विचारलें असतें?

महाराष्ट्राच्या इतिहासांत कुत्र्याच्या शोकाचें सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे छत्रपति शाहू महाराजांचें. ग्रँट डफ यानें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासांत तें नमूद केलें आहे. शिकारीच्या वेळीं दबा धरून बसलेल्या वाघाची चाहूल या कुत्र्यानें दिली व महाराजांचा जीव वांचला. महाराजांनीं त्याच्या नांवें जहागिरीची सनद करून दिली, त्यास पालखीचा मान दिला. एकदां तर भर दरबारांत त्यास जरीची वस्त्रें व जवाहीर घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेविली. शाहू महाराज १७४९ सालीं निवर्तले. साताऱ्याजवळ कृष्णा व वेण्णा यांच्या संगमावर, माहुली येथें, त्या कुत्र्याची समाधि दाखवितात. लोक त्यास खंड्या म्हणतात. रायगडावरील वाघ्याचें स्मारक १९३६ च्या सुमारास उभें राहिलें. त्यास होळकरांचें द्रव्यसाहाय्य झालें. धन्याच्या चितेंत उडी घेणाऱ्या त्या कुत्र्याच्या कथेस समकालीन कागदपत्रांचा आधार मिळत नाहीं, आणि त्यावरून अलीकडे वादहि झाले. परंतु कथा खरी असो वा नसो, लोकांस ती हवीशी वाटली, हें तर खरेंच.

येथें मला एक गोष्ट खटकली. समाधि मिळाली ती वांचविणाऱ्या कुत्र्यास, प्राण देणाऱ्या कुत्र्यास. सात वर्षें इमानानें वागून आठव्या वर्षीं चावला, अशा कुत्र्याची समाधि मला कोठें आढळली नाहीं. त्याच्याविषयीं धर्मग्रंथांनीं, वैद्यांनीं आणि सरकारांनीं लिहिलें आहे; शोक करणाऱ्यांनीं मात्र लिहिलेलें नाहीं.

धर्मग्रंथांत या प्रश्नाचा सर्वांत बारकाईनें विचार केला आहे तो पारशी लोकांच्या वेंदिदादांत. त्याच्या तेराव्या प्रकरणांत कुत्र्याविषयींचे नियम आहेत. कुत्र्यास वाईट अन्न घालणें हा तेथें दंडनीय अपराध मानला आहे. घरांत वेडें झालेलें, किंवा न भुंकतां चावणारें कुत्रें असेल तर काय करावें, असा प्रश्न त्यांत स्पष्टपणें विचारला आहे. उत्तर असें कीं, त्याच्या गळ्यांत लांकडी पट्टा घालावा, त्यास खांबास बांधावें, आणि एखाद्या श्रद्धावान माणसाची शुश्रूषा करावी तशी त्याची शुश्रूषा करून त्यास बरें करण्याचा यत्न करावा. बांधून ठेवलें नाहीं आणि त्यानें कोणास जखम केली, तर शिक्षाहि सांगितली आहे: पहिल्या खेपेस उजवा कान, दुसऱ्या खेपेस डावा. आज या शिक्षा आपल्यास क्रूर वाटतील. तरी हजारों वर्षांपूर्वीं कोणी तरी चावणाऱ्या कुत्र्यापुढें बसून, आधीं बांधा, मग उपचार करा, असा क्रम लावून ठेवला, हें मला विलक्षण वाटलें. आम्हींहि तोच क्रम धरला होता. फक्त आमचा उपचार चालला नाहीं.

वैद्यांकडे वळावें तर सुश्रुताच्या कल्पस्थानांत पिसाळलेल्या कुत्र्याचें वर्णन आहे: लाळ गळत आहे, शेंपूट, जबडा व मान खालीं लोंबत आहे, ऐकूं येत नाहीं, दिसत नाहीं, आणि तें सैरावैरा धांवत आहे. त्याच्या चाव्यानें ज्यास पाण्याचें भय उत्पन्न होतें, त्या रोगास सुश्रुत जलत्रास म्हणतो आणि तो असाध्य ठरवितो. या एका रोगानें माणसाची कुत्र्याकडे पाहण्याची दृष्टि कायमची द्विधा केली. उंबऱ्यावर निजणारें जें इमानी जनावर, त्याच्याच तोंडांतून असाध्य मरण येऊं शकतें, ही जाणीव प्रेमाच्या तळाशीं सदैव बसलेली असते.

आणि आतां मी आपल्या मुंबईच्या इतिहासांतील एका प्रकरणाकडे येतों. कारण माझ्या दुःखाचा उलगडा मला बऱ्याच अंशीं तेथें झाला. उन्हाळ्यांत कुत्रीं अधिक पिसाळतात अशी त्या काळची समजूत. म्हणून मुंबईंत दर वर्षीं त्या मोसमांत भटकीं कुत्रीं मारण्याचा हुकूम असे, आणि दर कुत्र्यामागें आठ आण्यांचें बक्षीस मिळे. अर्ल ऑफ क्लेअर हे तेव्हां गव्हर्नर होते. १८३२ सालीं या मोहिमेची मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढविण्यांत आली. बक्षिसाच्या आशेनें मारेकरी लोकांच्या दारांतलीं, पाळलेलीं कुत्रींहि धरूं लागले. पारशी समाजांत कुत्र्याचें स्थान केवढें मोठें! मृताच्या देहावर कुत्र्याची दृष्टि पाडावयाची, हा सगदीदचा विधि त्यांच्या अंत्यसंस्काराचें अंग आहे. ६ जून १८३२ रोजीं कोटांत पारशांच्या जमावानें कुत्रीं मारणाऱ्या दोघां पोलिसांवर हल्ला केला.

दुसऱ्या दिवशीं हरताळ पडला. कोटांतलीं दुकानें बंद झालीं. पारशांबरोबर हिंदु, जैन आणि मुसलमान व्यापारीहि सामील झाले. कुलाब्याच्या फौजेकडे जाणारी रसद अडविण्यांत आली. दंग्याचा कायदा वाचून दाखविण्यांत आला, फौज बोलाविली गेली, धरपकड झाली व कांहींना शिक्षा झाल्या. पुढें शहरांतील शेटियांनीं मध्यस्थी करून सरकारास विनंती केली, आणि कुत्रीं ठार न मारतां शहराबाहेर नेऊन सोडावीं, असें ठरलें.

हा दंगा इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा एक विचित्र प्रकरण म्हणून दोन ओळींत आटोपतो. मीं स्वतः वर्गांत तो तसाच शिकविला. मुलें हंसत, आणि मीहि हंसत असें. आतां मला त्यांत हंसण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. सरकारची भीति खोटी नव्हती. जलत्रासानें माणसें खरोखर मरत होतीं आणि त्यावर जगांत कोठेंहि उपाय नव्हता. चूक होती ती रीतींत. आठ आणे लावले कीं कोणतें कुत्रें पिसाळलेलें व कोणतें कोणाच्या घरचें, हें पाहण्याची गरजच उरत नाहीं. मारणाऱ्यास कुत्र्याचें नांव ठाऊक नसतें, आणि ज्यास नांव ठाऊक असतें त्यास कोणी विचारीत नाहीं. लोक चिडले ते या गोष्टीवर, असें मला वाटतें.

पण दंग्यानंतर जो तोडगा निघाला, त्याकडेहि मी आतां निराळ्या दृष्टीनें पाहतों. शहराबाहेर नेऊन सोडा, म्हणजे शहराबाहेर जे राहतात त्यांच्या दारांत सोडा! आमच्याकडेहि एका सद्गृहस्थानें सुचविलें होतें कीं, रात्रीं होडींत घालून मोत्यास नदीपलीकडे भोगव्याच्या किनाऱ्यावर सोडून यावें. डोळ्यांआड झालें म्हणजे झालें. मला मोह पडला नाहीं असें नाहीं. तथापि भोगव्यासहि मुलें आहेत. दुसऱ्या एकानें, कांहीं पैसे घेऊन गडी सर्व उरकील, तुम्हीं त्या दिवशीं मालवणास जावें, असें म्हटलें. तेव्हां मला १८३२ चे आठ आणे आठवले. मीं दोन्ही गोष्टींस नकार दिला.

जलत्रासावर उपाय निघाला तो १८८५ सालीं. त्या वर्षीं ६ जुलै रोजीं पॅरिसमध्यें लुई पाश्चर यानें जोसेफ मेस्टर नांवाच्या ९ वर्षांच्या मुलास लस टोंचविली आणि तो मुलगा वांचला. हिंदुस्थानांतील पहिली पाश्चर संस्था सिमल्याजवळ कसौली येथें १९०० सालीं निघाली. दुसरी १९०७ सालीं दक्षिणेंत कुन्नूर येथें. श्रोत्यांनीं क्षणभर कल्पना करावी: त्या शतकाच्या आरंभीं देवबागच्या एखाद्या मुलास पिसाळलेलें कुत्रें चावलें असतें, तर मालवणहून आगबोटीनें मुंबई, तेथून आगगाडीनें दिल्ली, पुढें कालका, आणि मग डोंगर चढून कसौली! आणि चावा पावसाळ्यांत झाला असेल तर आगबोटहि बंद. कोंकणांत कुत्र्याच्या चाव्याचें भय एवढें खोल कां, आणि संशय येतांच कुत्र्यास मारून टाकण्याची घाई कां, याचें उत्तर या प्रवासांत आहे. कसौलीस डेव्हिड सेंपल यांनीं १९११ सालीं तयार केलेली लस पुढें देशभर वापरांत आली. परळच्या हाफकिन संस्थेंतहि ती तयार होऊं लागली. पोटांत घ्यावयाचीं तीं चौदा इंजेक्शनें आमच्या पिढीस चांगलीं आठवतात. आज दंडांत थोडींच घेऊन भागतें. जखम खोल असेल तर तिच्यांतहि वेगळें औषध भरतात. मात्र जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुऊन त्याच दिवशीं दवाखाना गांठला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जगांत अजूनहि दर वर्षीं सुमारें ५९,००० माणसें या रोगानें मरतात, आणि त्यांतील तिसऱ्या हिश्शाहून अधिक भारतांत.

मारावें कीं न मारावें, या प्रश्नाची सर्वांत उघड चर्चा आपल्या देशांत झाली ती १९२६ सालीं. अहमदाबादेंत अंबालाल साराभाई यांनीं आपल्या गिरणीच्या आवारांतलीं साठ भटकीं कुत्रीं, पिसाळण्याच्या भयानें, मारविलीं. शहरांत खळबळ उडाली आणि प्रश्न महात्मा गांधींकडे गेला. अहिंसेचा एवढा मोठा उपासक या कृत्याचा निषेध करील, अशी बहुतेकांची अपेक्षा. परंतु गांधींनीं तसें केलें नाहीं. 'यंग इंडिया'मधून त्यांनीं अनेक आठवडे या विषयावर लिहिलें. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा कीं, रस्त्यावरच्या कुत्र्यास तुकडा टाकून पुण्य जोडणें ही दया नव्हे. कुत्र्यास धनी हवा, आणि धन्यानें त्याची सर्व जबाबदारी घ्यावी. मारणें हें पाप खरेंच. पण कांहीं प्रसंगीं न मारणें हें त्याहून मोठें पाप होऊं शकतें. त्यांच्याकडे संतप्त पत्रांचा पाऊस पडला.

दोन वर्षांनीं, १९२८ सालीं, साबरमतीच्या आश्रमांत एक वासरूं असह्य वेदनांनीं तळमळत होतें. बरें होण्याची आशा नव्हती. गांधींनीं डॉक्टरांकडून त्यास औषध टोंचवून मरण दिलें, आणि पुन्हां वादळ उठलें. तेव्हां त्यांनीं एक भेद स्पष्ट केला: वासराचा प्राण घेतला तो त्याच्याच सुटकेसाठीं, उपद्रवी प्राण्याचा प्राण घेतला जातो तो आपल्या हितासाठीं. या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि दुसरीस पहिलीचें नांव देऊं नये.

श्रोतेहो, हें वाचलें आणि मीं पुस्तक मिटून ठेवलें. कारण आमच्या घरांत आम्ही सर्वजण तेंच करीत होतों. "सुटला बिचारा," असें आम्ही एकमेकांस म्हणत होतों. मोत्या सुटला नव्हता. त्यास कसलीहि वेदना असल्याचें डॉक्टरांस दिसलें नव्हतें. त्याच्या मरणाच्या दिवशीं सकाळीं त्यानें भाकरी खाल्ली होती आणि माझ्या हातास नाक लावलें होतें. त्याचा प्राण आम्हीं घेतला तो त्याच्यासाठीं नव्हे, तर उद्यां ज्या मुलावर तो धांवून गेला असता त्या मुलासाठीं. तें योग्य होतें, असें मी आजहि मानतों. परंतु योग्य होतें म्हणून तें त्याच्या भल्याचें होतें, असें म्हणणें हा त्याच्यावरचा शेवटचा अन्याय झाला असता. "सुटला" हा शब्द मीं सोडून दिला, त्या दिवसापासून मला नीट रडतां आलें.

मरण कमींत कमी यातनांचें कसें करावें, याचाहि इतिहास आहे आणि तो माणसाच्या सदसद्विवेकाचाच इतिहास आहे. लंडनच्या बॅटरसी येथील कुत्र्यांच्या आश्रयगृहांत १८८४ सालीं बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन या वैद्यानें एक बंदिस्त कोठडी तयार केली. तींत विषारी वायूबरोबर गुंगी आणणारें क्लोरोफॉर्म सोडून कुत्र्यांस झोपेंतच मरण देत. त्यापूर्वीं दंडुके आणि दोर होते. आपल्या मुंबईंत प्राणी-क्लेश-निवारक संस्था १८७४ सालीं निघाली, आणि १८८३ सालीं दिनशा माणेकजी पेटिट यांनीं परळ येथें आपल्या पत्नीच्या नांवें जनावरांचें रुग्णालय स्थापन केलें. ज्या समाजानें १८३२ सालीं कुत्र्यांसाठीं हरताळ पाडला, त्याच समाजांतील माणसाच्या हातून पन्नास वर्षांनीं हें रुग्णालय उभें राहिलें, ही गोष्ट मला फार समाधान देते. आज डॉक्टर आधीं गुंगीचें औषध देतात, जनावर गाढ झोंपतें, आणि मग दुसरें औषध त्याचें हृदय थांबवितें. मोत्याचें डोकें माझ्या मांडीवर होतें. मी मालवणास गेलों नाहीं.

भटक्या कुत्र्यांच्या सरसकट कत्तलीनें कांहीं साधत नाहीं, हें आपल्या राज्यकर्त्यांस उशिरा उमगलें. मुंबईंत १९९४ च्या सुमारास मारणें थांबवून नसबंदीचा मार्ग धरला गेला. २००१ सालीं सर्व देशासाठीं तसे नियम झाले, आणि २०२३ सालीं ते नव्यानें केले गेले. आमच्या शेजारच्या गोव्यांत घरोघर व रस्तोरस्तीं फिरून कुत्र्यांस लस टोंचण्याची मोठी मोहीम झाली, आणि २०२१ सालीं तें राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालें. ऑगस्ट २०२५ मध्यें दिल्लीच्या कुत्र्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें आला. ११ तारखेस न्यायालयानें सर्व भटकीं कुत्रीं उचलून आश्रयगृहांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ तारखेस तो बदलून, नसबंदी व लस झालेलीं कुत्रीं मूळ जागीं सोडावीं, मात्र पिसाळलेलीं व आक्रमक कुत्रीं सोडूं नयेत, असें सांगितलें. कुत्रीं उचलून दुसरीकडे नेणें, मग लोकांचा आक्रोश, मग दुरुस्ती! १८३२ सालची मुंबई मला पुन्हां दिसली. फरक इतकाच, आणि तो लहान नव्हे, कीं आज आपल्यापाशीं लस आहे.

परंतु कायदा जेथें संपतो तेथें घर सुरू होतें. पाळलेलें कुत्रें चावूं लागलें म्हणजे न्यायालय येत नाहीं, महात्मा येत नाहीं. घरांतल्यांनाच निकाल करावा लागतो. अशा घरांस मी अधिकारानें कांहीं सांगावें, एवढी माझी योग्यता नाहीं. इतिहासानें मला जें शिकविलें तेवढें सांगतों. वेंदिदादाप्रमाणें आधीं बांधावें आणि उपचार करावा. यांत कसूर करूं नये आणि उशीरहि करूं नये. आमचा उशीर झाला. पहिल्या चाव्यानंतर जी साखळी घ्यावयाची ती आम्हीं दुसऱ्या चाव्यानंतर घेतली, आणि तीहि जुनी. उपाय हरले, तर संकट नदीपलीकडे सोडून देऊं नये. तें काम आठ आणे देऊन दुसऱ्यावर ढकलूं नये. आणि सर्व झाल्यावर, कुत्र्यास दोषी ठरवून आपलें मन हलकें करूं नये, कीं "सुटला" म्हणून तें झांकूंहि नये.

शाहू महाराजांचा खंड्या वाघाची चाहूल देऊन समाधीस पात्र झाला. आमच्या मोत्यानें कोणाचा प्राण वांचविला नाहीं. पण तीन महिने एका मरणोन्मुख बाईच्या उंबऱ्यावर तो राखणीस होता, ही गोष्ट शेवटच्या तीन चाव्यांनीं पुसली जात नाहीं. आणि ते तीन चावेहि या गोष्टीनें पुसले जात नाहींत. दोन्ही खरीं आहेत. तीं एकत्र धरून ठेवणें जड जातें, आणि त्यालाच मी शोक म्हणतों.

माडाखालीं आम्हीं एक जांभ्याचा चिरा ठेवला आहे. त्यावर कांहीं कोरलेलें नाहीं. माझा पुतण्या, ज्याच्या हातावर मोत्याच्या दांतांची खूण अजून आहे, तो समुद्रावरून येतांना कधीं कधीं शिंपले आणून त्या चिऱ्यावर मांडतो. मीं त्यास कारण विचारलेलें नाहीं. यंदाच्या पावसांतहि समुद्रानें गांवची बरीच वाळू नेली. नदीकडची बाजू मात्र अजून शाबूत आहे.